आधी मेंढरं कोंडा

हरणाबाईची सोनिया टीव्हीवर बातम्या सांगते, हे म्हसवडच्या आसपास आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला हरणाबाई स्वतः गाठून सांगते. एसटीत शेजारी बसलेली बाई असो, बाजारात लोकर बघणारा व्यापारी असो, नाहीतर मेंढरांना लस टोचायला आलेले डॉक्टर असोत, दोन शब्द इकडचे तिकडचे झाले की ती कमरेची पिशवी सोडते, मोबाइल काढते आणि म्हणते, "हिला वळखता का?" समोरचा हो म्हणाला तर तिचा चेहरा उजळतो. नाही म्हणाला तर ती अशी बघते की त्या बिचाऱ्याला आपण आजवर काय केलं असा प्रश्न पडावा.

पण खरं सांगायचं तर लेक नेमकं काय करते हे हरणाबाईला बरीच वर्षं उमगलं नव्हतं. समोर लिहिलेलं असतं, ते वाचायचं, पावडर लावून बसायचं, त्यात काय एवढं, असं तिलाही मनातून वाटायचं. वरवर मिरवायची, ते लेक दिसते छान म्हणून. ते उमगलं त्या दिवसाची ही गोष्ट आहे, पण ती कळायची तर आधी सोनिया कळायला हवी.

सोनिया जन्मली ती घरात नाही, वाटेवर. दिवाळीनंतर माणदेशातली मेंढरं चाऱ्यामागं पश्चिमेला निघतात, आणि वाटेतले शेतकरी रानाला लेंडीखत मिळावं म्हणून कळप आपल्या शेतात मुक्कामाला बोलावतात. कोरेगावजवळच्या अशाच एका रानात हरणाबाईचं पोट दुखायला लागलं. शेतकऱ्याची म्हातारी आई धावली, बाळंतपण तिनंच केलं. थोड्या दिवसांनी बिऱ्हाड पुन्हा घोड्यावर चढलं, तेव्हा भांड्याकुंड्यांच्या वर एक गाठोडं जास्तीचं होतं आणि ते गाठोडं भोकाड पसरून रडत होतं. "हिचा आवाज तवाच कळला आमाला," असं हरणाबाई अजून सांगते. "घोडं बुजलं की वो!"

पोरगी चालायला लागली, बोलायला लागली आणि लवकरच एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली. तिला सांगितलेलं जसंच्या तसं लक्षात राहायचं. तेव्हा हातोहाती मोबाइल आलेले नव्हते. या वाड्यावरून त्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या एका मुक्कामावरून दुसऱ्यावर, निरोप जायचा तो माणसाच्या तोंडून. आणि मोठी माणसं निरोपात हटकून आपलं काहीतरी घालायची. मेंढी आजारी आहे असा निरोप निघाला की पोचेपर्यंत ती मेलेली असायची. सोनियाच्या हातून असं कधी झालं नाही. त्यामुळे परकर खोचून ती या डोंगरावरून त्या डोंगरावर पळायची.

निरोप पोचवायची रीत तिला बापानं, आप्पासोनं, शिकवली; ती त्याला आबा म्हणायची. निरोप चांगला असेल तर लांबूनच ओरडत जायचं, म्हणजे ऐकणाऱ्याचा आनंद तेवढाच लवकर सुरू होतो. निरोप वाईट असेल तर तोंड मिटून जायचं, आणि पोचल्यावर पहिल्यांदा एवढंच विचारायचं, मेंढरं कोंडली का? कोंडली नसतील तर गप हाताला हात लावायचा आणि शेवटचं कोकरू वाडग्याच्या कुंपणात जाऊन कवाड लागेपर्यंत बोलायचं नाही. माणूस दुःखानं खाली बसलं की मेंढरं मोकाट होतात, कुणाच्या पिकात घुसतात, लांडग्याच्या तोंडी जातात. घरातलं माणूस गेलंच आहे, त्याच्यासोबत पोटापाण्याचं साधन कशाला जाऊ द्यायचं? शिवाय निरोप सांगून होईपर्यंत त्या घरचं पाणी प्यायचं नाही. घशाला कोरड पडली तरी नाही. म्हणून धनगराच्या दारात येऊन कुणी पुढे केलेला तांब्या घेतला नाही की घरातल्या बाईच्या पायातलं बळ तिथंच जायचं.

एकदा असा निरोप सोनियाच्या वाट्याला आला होता. तिची आजी वारली होती, आणि आजीची धाकटी बहीण दोन डोंगर पलीकडं वाड्यावर होती. हरणाबाई पाठोपाठ निघाली, पण पोरगी तिच्याआधी पोचली. ऊन मरणाचं होतं. हरणाबाई वर येऊन बघते तर म्हातारी तांब्या पुढे धरून उभी आणि एवढीशी पोरगी ओठ फुटलेले, डोळे लाल, तांब्याकडे न बघता विचारतेय, "आज्जी, मेंढरं कोंडलीस का?" हरणाबाईला स्वतःच्याच पोरीचं भय वाटलं होतं तेव्हा. एवढं जड ओझं हिनं एवढ्याशा अंगात कुठं ठेवलं होतं, हे तिला कळेना.

पुढे दहिवडीला वसतिगृहात राहून सोनियाची शाळा झाली, साताऱ्याला कॉलेज झालं. सुट्टीत गावच्या जत्रेत ती माईकवर बसायची आणि हरवलेली पोरं पुकारायची. "लाल झबलं, पायात वाळा, नाव सांगत नाही, फुटाणे मात्र मागतोय, आई असशील तिथून देवळामागं ये," असं ती म्हणाली की आई रडता रडता हसत यायची. साताऱ्याच्या एका केबल चॅनेलचा माणूस जत्रेचं चित्रण करायला आला होता. त्यानं देवाच्या रथाचं चित्रण बाजूला ठेवलं आणि माईकवरची पोरगी कोण याची चौकशी केली.

चॅनेल लहानच होतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यात दिसायचं आणि आता मोबाइलवरही दिसतं. पहिली दोन वर्षं सोनियाला बाजारभाव वाचायला दिले. कांदा, घेवडा, आलं, हळद. वस्तीवरची माणसं तेवढ्यानंही हुरळली. नाकं मुरडणारीही होतीच. "पोरगी टीव्हीत गेली, आता हिला नवरा कुठनं आणायचा?" असं म्हणणाऱ्या बाया आपल्या पोराचं जावळ टीव्हीवर दाखवतेस का म्हणून विचारायला आधी यायच्या. आप्पासो बोलायचा कमी. एकदा फलटणच्या एका हॉटेलात चहा पिताना त्याला भिंतीवरच्या टीव्हीत लेक दिसली, आवाज मात्र बंद होता. मालक म्हणाला, गिऱ्हाइकांना कटकट होते. आप्पासोनं हॉटेलातल्या सगळ्यांना आपल्यातर्फे चहा सांगितला आणि आवाज वाढवून घेतला. बातम्या संपेपर्यंत डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवून तो बसला होता. का काढला, ते त्यालाही सांगता आलं नाही.

मग सोनिया मुख्य बातम्यांना आली आणि तिनं एकदा आईला स्टुडिओ दाखवायला नेलं. हरणाबाईनं तिथं पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर हिरवं कापड. टीव्हीत लेकीच्या मागं जे मोठं शहर दिसायचं, उंच इमारती दिसायच्या, त्या जागी भिंतभर नुसतं हिरवं कापड! "आगं, एवढं हिरवं तर आमच्या माणात पावसाळ्यातबी नसतं," ती म्हणाली आणि सगळे हसले. काचेपलीकडं जयराज नावाचा माणूस बसला होता. बातमीपत्र कसं जायचं हे तो ठरवायचा आणि सोनियाच्या कानातल्या बारीक यंत्रातून तिच्याशी बोलायचा. "ती बातम्या सांगतीया तवाबी?" हरणाबाईनं विचारलं. "तेव्हाच तर," जयराज म्हणाला. म्हणजे लेक तोंडानं एक बोलते आणि कानानं दुसरंच ऐकते! हरणाबाई काचेला नाक लावून बघत राहिली. मध्ये जाहिराती लागल्या की सोनिया पुढ्यातला पाण्याचा ग्लास उचलायची, घोटभर प्यायची, पुन्हा ताठ बसायची. घसा ओला ठेवावा लागतो, असं तिनं आईला सांगितलं. त्या दिवशी गावाकडं परतताना हरणाबाई एसटीत कुणाशीच बोलली नाही, हे विशेष.

आता तो दिवस. दिवाळी होऊन गेली होती. आप्पासो आणि शेजारच्या वस्तीवरचा दादासो, दोघांनी कळप एकत्र करून पश्चिमेची वाट धरली होती. फलटण मागं पडलं होतं, शिरवळच्या बाजूला पोचले असतील असा अंदाज होता. हल्ली या वस्त्यांवरच्या बायका सगळ्याच जात नाहीत. हरणाबाई आणि दादासोची बायको अर्जुना, दोघी अशक्त मेंढ्या आणि नवी कोकरं घेऊन मागं राहिल्या होत्या. एक या माळावर चारायची, दुसरी ओढ्यापलीकडच्या माळावर. अर्जुना हरणाबाईपेक्षा वयानं बरीच लहान, पदरात दोन पोरं, हाताशी साधा बटणाचा फोन. तिला टीव्ही बघायचा झाला तर ती हरणाबाईकडंच यायची.

दुपार उतरत होती. हरणाबाईनं मोबाइल दगडाला टेकवून ठेवला होता. सोनियाची बातम्यांची वेळ झाली आणि ती आली. पण आज तिनं हसून नमस्कार केला नाही.

"शिरवळजवळ महामार्ग ओलांडणाऱ्या मेंढ्यांच्या कळपात भरधाव कंटेनर घुसला," सोनिया म्हणाली.

हरणाबाईनं काठी टाकली. ती दगडापुढं गुडघ्यावर बसली. पुढचे शब्द तिला तुटक तुटक ऐकू आले. पुष्कळ मेंढ्या ठार. एक मेंढपाळ जागीच मृत्युमुखी. एक जण किरकोळ जखमी. आमचे प्रतिनिधी घटनास्थळी पोचले आहेत.

शिरवळ. दोन माणसं. एक गेला. हरणाबाईनं स्क्रीनवर बोट ठेवलं, जणू लेकीला हलवून विचारायचं होतं, कोण गं? कोण गेला? आणि मग तिला तो ग्लास दिसला. सोनियाच्या पुढ्यात, काठोकाठ भरलेला. जाहिराती लागल्या, संपल्या, सोनिया परत आली. ग्लास तसाच होता. ओठ कोरडे दिसत होते, बोलताना एकमेकांना चिकटत होते, पण ग्लास तसाच.

हरणाबाईला कळलं. हिच्याकडं निरोप आहे, आणि हिला माणूस माहीत आहे.

तेवढ्यात सोनियाची पापणी एकदा लवली, मान किंचित कलली. तिच्या कानात कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं, पण हरणाबाई काचेपलीकडं उभी राहून आलेली होती. नाव घे, नाव घे, असं जयराज म्हणत होता, हे मागाहून समजलं. दुसरी चॅनेलं कुठल्याही क्षणी नाव देतील, आपल्याकडं आधी आलंय, घे पटकन. सोनियानं शांतपणे हात कानाकडं नेला, ते यंत्र काढलं आणि भरल्या ग्लासाशेजारी ठेवून दिलं.

"मृत मेंढपाळाचं नाव आमच्याकडे आलेलं आहे," ती म्हणाली. "ते त्यांच्या घरी पोचल्याशिवाय मी सांगणार नाही. माण, खटाव, आटपाडी, जत, जिथं कुठं माझे मेंढपाळ भाऊबहीण ऐकत असतील, त्यांना माझी एक विनंती आहे." ती थांबली. टीव्हीवर कुणी एवढं थांबत नाही. "आधी मेंढरं कोंडा."

एवढंच. आणि ती पुढच्या बातमीला लागली.

हरणाबाई उठली. मेंढरं वळवायला तिनं तोंडानं हाळी दिली. म्होरकी काळी मेंढी पुढं झाली आणि बाकीची तिच्यामागं चालायला लागली. माळाच्या टोकावर आल्यावर हरणाबाईनं समोर बघितलं आणि तिचे पाय थांबले.

समोरच्या डोंगरावरून एक कळप खाली येत होता. त्याच्या डावीकडून दुसरा. ओढ्याच्या वरच्या अंगाला धूळ उठली होती, तो तिसरा. लांब, जिथं माणूस दिसत नाही, नुसता धुरळा दिसतो, तिथंही धुरळा घराच्या बाजूनं सरकत होता. सूर्य अजून चांगला वर होता. या वेळेला कुणी मेंढरं उतरवत नाही, पोटं भरलेली नसतात. तरी माळामाळावरून, टेकडीटेकडीवरून मेंढरं उतरत होती. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. एकानं ऐकलं होतं, दुसऱ्यानं त्याला उतरताना बघितलं होतं, तिसऱ्यानं दुसऱ्याला. आणि त्या प्रत्येकाच्या पोटात एकच प्रश्न होता, जो हरणाबाईच्या पोटात होता.

आपल्या पोरीच्या एका वाक्यानं हे झालं! नवरा आहे की गेला हे ठाऊक नसलेली ती बाई त्या क्षणी सगळं विसरून नुसती बघत उभी राहिली. देवाच्या पालखीला बघावं तसे तिनं हात जोडले, कुणाला ते तिचं तिलाच माहीत.

मेंढरं वाडग्यात घातली, कवाडाला दोरी बांधली आणि ती अंगणात बसली. फोन वाजला.

"आये, कोंडलीस?"

"कोंडली." हरणाबाईनं डोळे मिटले. "सांग."

"आबा हायत. हाताला लागलंय, बाकी धडधाकट हायत. मी बोलले त्यांच्यासंगं."

हरणाबाईच्या तोंडून हुंदका फुटणार तोच तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. कारण दोघंच होते तिथं. एक आहे म्हणजे दुसरा नाही.

"दादासो काका," सोनिया म्हणाली. तिचा आवाज आता टीव्हीतला नव्हता. "लगीच गेलं, तळमळलं न्हाईत. आबा त्यांच्यापाशी बसून हायत. आये, मला काकीला फोनवर सांगायचं न्हाई. आन टीव्हीवरनं तर न्हाईच न्हाई. ह्या जाहिराती संपत्याल. तू जा. पोरं मोबाइल घिऊन पळत यायच्या आत जा. सांगून झालं की मला नुसता मिस कॉल दे. तवर मी नाव घेत न्हाई."

"तुजा सायब वरडंल की गं."

"वरडू दे. जा तू."

ओढा ओलांडून पलीकडं जायला काही फार वेळ लागत नाही. पण हरणाबाईला ती वाट सरता सरेना. नवरा वाचल्याचा आनंद पोटात उसळत होता आणि त्याची तिला लाज वाटत होती. दर पावलाला ती मनात शब्द जुळवत होती आणि ते विस्कटत होते. आणि मध्येच तिच्या मनात आलं, सोनिया हे रोज करते. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरचं असलं काहीतरी तिच्या पुढ्यात येतं आणि ते ती न डगमगता पोचवते. मी समजत होते, नुसतं लिहिलेलं वाचती.

अर्जुना वाडग्याचं कवाड लावत होती. हरणाबाईला बघून ती हसली. "या आक्का. समदी उतराय लागली म्हनून मीबी उतरले बगा. काय झालंय आज? लांडगा आलाय का काय?"

"कोंडली का गं समदी?"

"व्हय, ही काय. तुमी बसा की. लय धाप लागलीया तुमास्नी." ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. "घ्या, पानी घ्या."

हरणाबाईनं हात पुढं केला नाही.

अर्जुना तांब्या धरून उभी राहिली. हसू अजून ओठांवर होतं, ते हळूहळू गेलं. "आक्का, घ्या की," ती पुन्हा म्हणाली, आता विनवणी केल्यासारखी. "घ्या ना वो. घोटभर घ्या."

हरणाबाईनं तिच्या हातातला तांब्या काढून खाली ठेवला आणि तिला दोन्ही हातांनी धरलं. मग तिनं सांगितलं. काही जोडलं नाही, काही लपवलं नाही. कुठं झालं, कसं झालं, लगेच गेला, तळमळला नाही, आप्पासो त्याच्यापाशी बसून आहे, एकटं ठेवलेलं नाही. अर्जुनानं जी किंकाळी फोडली तिनं वाडग्यातली मेंढरं उसळली, कुंपणाला धडकली, पण कवाड बांधलेलं होतं. एकही बाहेर गेलं नाही.

आजूबाजूच्या बायका धावत आल्या. वाट बघतच होत्या त्या, आपापली मेंढरं कोंडून आपापल्या दारात. त्यांनी अर्जुनाला पोटाशी घेतलं, पोरांना घेतलं. मग हरणाबाई जराशी बाजूला सरकली, मोबाइल काढला आणि लेकीला मिस कॉल दिला.

पाठोपाठ आलेल्या पूजानं, दादासोच्या पुतणीनं, आपल्या मोबाइलवर बातम्या लावल्या होत्या. आवाज बारीक होता. ऊस कारखान्याचं काहीतरी चाललं होतं. सोनियासमोर टेबलावर तिचा फोन उजळला आणि विझला. तिनं चालू असलेलं वाक्य पुरं केलं, कागद बाजूला ठेवला आणि सरळ समोर बघितलं.

"दादासो बिरा पुकळे," ती म्हणाली. "राहणार तालुका माण. आज शिरवळजवळच्या अपघातात आपला कळप वाचवताना त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मागे पत्नी आणि दोन मुलं आहेत."

कुठंही आवाज हलला नाही. बायका रडायच्या थांबून ऐकत होत्या. अर्जुनानंही मान वर केली आणि आपल्या नवऱ्याचं पुरं नाव, मोठ्या माणसाचं घ्यावं तसं घेतलेलं, ऐकलं.

मग सोनियानं पुढ्यातला ग्लास उचलला, दोन्ही जिल्ह्यांच्या देखत, आणि तळापर्यंत पाणी प्याली.

हरणाबाईनं खाली ठेवलेला तांब्या घेतला, आधी अर्जुनाच्या तोंडाला लावला आणि मग आपल्या.